सिल्व्हर मॉलमधले केव्हीएम स्विच: कोणता डबा घ्यावा, कोणता काउंटरवरच ठेवावा

टेबल एक, मॉनिटर एक, आणि संगणक दोन: घरचा डेस्कटॉप आणि कंपनीने दिलेला लॅपटॉप. सुपर कॉरिडॉरवरच्या कंपन्यांत नोकरी करणाऱ्या इंदूरच्या बऱ्याच मराठी घरांत हेच चित्र आहे. सीएच्या ऑफिसात तर एकावर टॅली, दुसऱ्यावर पोर्टल. दर वेळी मॉनिटरच्या मागे हात घालून एचडीएमआयची केबल उपटायची आणि दुसऱ्यात खोचायची, असं काही महिने केलं की पोर्ट ढिला होतो आणि पडदा लुकलुकायला लागतो. केव्हीएम स्विच हा त्यावरचा इलाज. कीबोर्ड, व्हिडिओ आणि माऊस ही तिन्ही एका बटणाने एका मशीनवरून दुसऱ्यावर नेणारा डबा.

आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये आणि जेल रोडच्या गल्ल्यांत या कामाच्या तीन वस्तू मिळतात. पहिली, यूएसबीच्याच विजेवर चालणारा दोन पोर्टांचा एचडीएमआय केव्हीएम. साधारण दीड-दोन हजारांपासून. दुसरी, स्वतंत्र अ‍ॅडॅप्टर असलेला चार पोर्टांचा केव्हीएम. त्याच्या कितीतरी पट महाग. तिसरी म्हणजे नुसता यूएसबी शेअरिंग स्विच. त्यात व्हिडिओ नसतोच, आणि दुकानदार तो आपणहून दाखवत नाही.

निकाल आधीच सांगतो. मशीन दोनच असतील आणि मॉनिटरला दोन इनपुट असतील, तर तिसरी वस्तू घ्या आणि घरी जा. मशीन तीन-चार असतील किंवा मॉनिटरला एकच कामाचं इनपुट असेल, तर दुसरी घ्या. पण त्यात ईडीआयडी एम्युलेशन, म्हणजे पडदा दुसरीकडे गेला तरी संगणकाला मॉनिटर जोडलेलाच भासवण्याची सोय, आहे याची खात्री करून. पहिली वस्तू सगळ्यात जास्त खपते, आणि वैताग आणण्यातही तिचाच पहिला नंबर. १०८०पी मॉनिटर, साधा तारेचा कीबोर्ड, साधा तारेचा माऊस, एवढंच असेल तर ती चालते. त्यापलीकडे नाही.

दुकानात नावांचा गोंधळ

‘केव्हीएम’ म्हटलं की सिल्व्हर मॉलमधल्या जाणत्या दुकानदाराला कळतं. जेल रोडवर मात्र हातात एचडीएमआय स्विच किंवा स्प्लिटर पडण्याची शक्यता बरीच. तिन्ही डबे दिसायला सारखेच काळे. स्प्लिटर एका संगणकाचं चित्र दोन पडद्यांवर दाखवतो. आपल्याला हवं त्याच्या बरोबर उलट. एचडीएमआय स्विच दोन संगणकांचं चित्र एका पडद्यावर आणतो, पण कीबोर्ड-माऊसशी त्याचा संबंध नसतो. ओळखायची सोपी खूण अशी: मागच्या बाजूला प्रत्येक संगणकासाठी दोन भोकं हवीत, एक व्हिडिओचं आणि एक यूएसबीचं, बहुधा प्रिंटरच्या केबलसारखं चौकोनी. ‘पीसी १’च्या खाली फक्त एचडीएमआय दिसलं, तर तो केव्हीएम नव्हे, मग समोरून कितीही वेळा ‘सब चलेगा भिया’ ऐकू येवो. (नेटवर शोधतानाही हाच घोळ होतो. लिनक्समध्ये केव्हीएम नावाची एक निराळीच गोष्ट आहे, आभासी संगणक चालवणारी. तिचा या डब्याशी संबंध नाही.)

काही स्वस्त डब्यांना संगणकाकडे जाणारी यूएसबी केबल दोन्ही टोकांना सारखीच, चपटी असते. यूएसबीच्या नियमात अशी केबल बसत नाही. डब्यासोबत चालते, पण नंतर ड्रॉवरमध्ये पडलेली ती केबल कुणी दोन संगणकांत सरळ जोडली, तर दोघांचे पाच व्होल्ट एकमेकांवर येतात आणि पोर्ट जाऊ शकतो. चौकोनी पोर्टचाच डबा निवडावा. प्रिंटरची केबल कुठेही मिळते.

खोक्यावरचं ‘४के’

खोक्यावर ‘४के’ ठळक असतं, पण हर्ट्झ किती ते बारीक अक्षरात किंवा लिहिलेलंच नसतं. खरी किंमत त्या बारीक अक्षराची. ३८४० बाय २१६० चं चित्र सेकंदाला ६० वेळा पाठवायला एचडीएमआयवर सेकंदाला १७.८२ गिगाबिट लागतात. एचडीएमआय २.० ची कमाल मर्यादा १८, म्हणजे जेमतेम मावतं. १.४ ची मर्यादा १०.२, त्यामुळे त्या जातीच्या डब्यातून ४के फक्त ३० हर्ट्झला जातं. ३० हर्ट्झवर सिनेमा बरा दिसतो, पण माऊसचा बाण पाण्यात ओढल्यासारखा फिरतो आणि एक्सेल स्क्रोल करताना डोळे दुखतात. मग लोक माऊसला दोष देतात.

तेव्हा खोक्यावर ‘४के ६० हर्ट्झ’, ‘एचडीएमआय २.०’ किंवा ‘१८ जीबीपीएस’ यांपैकी काहीतरी स्पष्ट लिहिलेलं हवं. कामाच्या लॅपटॉपवर नेटफ्लिक्ससारखं ४के मनोरंजनही पाहायचं असेल, तर एचडीसीपी २.२ (चित्राची चोरून नक्कल रोखणारं कुलूप) हेही शब्द शोधा. २५६० बाय १४४० चा १४४ हर्ट्झचा मॉनिटर असेल तरी २.० च लागतो. साधा १०८०पी, ६० हर्ट्झ असेल तर साडेचार गिगाबिटच्या आत काम होतं आणि स्वस्त डबाही पुरतो. उगाच जास्त पैसे घालू नयेत.

साखळीतला सगळ्यात कच्चा दुवा वेग ठरवतो. डबा २.० चा, पण केबल जुन्या सेट-टॉप बॉक्ससोबत आलेली, तर पडद्यावर चांदण्या चमकतात किंवा दर काही मिनिटांनी काळोख होतो. १८ गिगाबिटसाठी ‘प्रीमियम हाय स्पीड’ प्रमाणित केबल घ्या. आणि लांबीचा हिशोब दोन्ही केबलींची बेरीज करून करा: संगणक ते डबा आणि डबा ते मॉनिटर. स्वस्त डबा सिग्नल पुन्हा ताजा करत नाही, आला तसा पुढे ढकलतो. एकूण तीन मीटरच्या आत राहा, म्हणजे दीड अधिक दीड. काही ४के मॉनिटरच्या मेनूत एचडीएमआयचा जादा वेग आधी चालू करावा लागतो. तो बंद असेल तर सगळं नवीन असूनही ३० हर्ट्झच मिळतं.

ईडीआयडी: सगळी मेख इथे

प्रत्येक मॉनिटरच्या पोटात एक छोटी ओळखचिठ्ठी असते. मूळ भाग १२८ बाइटचा, आणि एचडीएमआय मॉनिटरमध्ये बहुधा तेवढीच जोडपुरवणी. मी कोणत्या कंपनीचा, माझं रिझोल्युशन किती, किती हर्ट्झ चालतात, आवाज वाजवता येतो की नाही, हे सगळं त्यात. हिचं नाव ईडीआयडी. एचडीएमआयच्या १९ पिनांपैकी १५ आणि १६ वरून संगणक ती वाचतो, आणि १९ क्रमांकाच्या पिनेवरून त्याला कळतं की समोर मॉनिटर आहे.

स्वस्त डबा काय करतो? बटण दाबलं की पहिल्या संगणकाच्या या पिना सरळ तोडतो. त्या संगणकाला वाटतं, मॉनिटर कुणी उपटून नेला. लॅपटॉप असेल तर उघडलेल्या सगळ्या खिडक्या त्याच्या स्वतःच्या पडद्यावर उडी मारतात. डेस्कटॉप असेल तर विंडोज मनातल्या मनात एक छोटा पडदा गृहीत धरतं आणि खिडक्या आक्रसून डाव्या कोपऱ्यात गोळा होतात. परत आलात की सगळं पुन्हा मांडा. दिवसातून वीस वेळा इकडून तिकडे जाणाऱ्या माणसाला हा ताप दोन दिवसांत नकोसा होतो. स्वस्त केव्हीएमबद्दलच्या तक्रारी खोदत गेलं, की खाली बहुतेक वेळा हेच निघतं.

ईडीआयडी एम्युलेशन असलेला डबा मॉनिटरची चिठ्ठी एकदा वाचून स्वतःजवळ ठेवतो आणि निवडलेला नसलेल्या संगणकालाही तीच दाखवत राहतो. संगणकाला पत्ताच लागत नाही की पडदा दुसऱ्याकडे गेलाय. खिडक्या जागच्या जागी. पडदा बदलायला तरीही दोन-तीन सेकंद जातात, कारण मॉनिटर नव्या सिग्नलशी जुळवून घेतो. तो दोष नव्हे.

स्वस्त डबा आधीच घेऊन बसलेल्यांसाठी दोन तोडगे. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, मल्टिपल डिस्प्लेज या वाटेने जा. तिथे मॉनिटरच्या जोडणीनुसार खिडक्यांची जागा लक्षात ठेवण्याची चौकट आहे, तिच्यावर खूण करा. आणि मॉनिटर निघाला की खिडक्या मिनिमाइझ करणारी चौकट हवी तशी ठेवा. याने निम्मं दुखणं जातं. दुसरा तोडगा म्हणजे संगणक आणि डबा यांच्यामध्ये बसणारी ईडीआयडी एम्युलेटरची अंगठ्याएवढी पिन. ती संगणकाला कायम ‘मॉनिटर आहे’ असं सांगत राहते. प्रत्येक संगणकाला एक लागते. दोन पिनांचा खर्च डब्यात मिळवला, की चांगला डबाच का घेतला नाही असं वाटायला लागतं.

एक बारकावा. एम्युलेशनवाल्या डब्याने चुकीची चिठ्ठी धरून ठेवली, तर १४४० चा मॉनिटर १०८० वर अडकतो. डबा चालू होताना मॉनिटर बंद असला की हे होतं. मॉनिटर आधी चालू करून डब्याची वीज काढून पुन्हा द्या. चिठ्ठी नव्याने वाचली जाते.

कीबोर्ड कुठल्या भोकात

डब्याच्या पुढच्या बाजूला दोन-चार यूएसबी भोकं असतात आणि ती सगळी सारखी नसतात. चांगल्या डब्यात दोनांवर कीबोर्ड आणि माऊसचं चित्र असतं, बाकीची नुसत्या हबची, म्हणजे एका यूएसबीला फुटलेले साधे फाटे. चित्रवाल्या भोकात डबा कीबोर्डची नक्कल दोन्ही संगणकांना सतत दाखवत राहतो. त्यामुळे बदल झटपट होतो, आणि स्क्रोल लॉक दोनदा दाबून १ किंवा २ अशी कळांची युक्तीही चालते. पण नक्कल साध्या कीबोर्डचीच असते. आवाज कमी-जास्त करणाऱ्या कळा, रंगीत दिव्यांचं सॉफ्टवेअर, माऊसची बाजूची बटणं यांतलं काहीतरी हमखास मुकं होतं. गेमिंग कीबोर्ड कधी कधी मुळीच ओळखला जात नाही. तो हबच्या भोकात लावला की नीट चालतो, पण मग कळांनी बदलणं बंद, आणि प्रत्येक बदलावेळी विंडोजचा जोडल्या-तोडल्याचा आवाज ऐकत एक-दोन सेकंद थांबायचं. स्वस्त डब्यात नक्कल नसतेच; सगळी भोकं हबची, बदल तारेच्या टोकावरच्या बटणाने. खरं सांगायचं तर टेबलाला चिकटवलेलं हे बटण कळांच्या युक्तीपेक्षा सोयीचं. आजच्या छोट्या कीबोर्डांवर स्क्रोल लॉक असतोच कुठे? आणि एकदाच दाबला गेला, की एक्सेलमध्ये बाणाच्या कळांनी खण हलायच्या ऐवजी सगळी शीट सरकते, आणि माणूस अर्धा तास कारण शोधत बसतो.

मराठी-हिंदी टंकलेखन करणाऱ्यांसाठी वेगळं सांगायला हवं. केव्हीएम अक्षर पाठवत नाही, कळेचा क्रमांक पाठवतो. अक्षर कोणतं उमटायचं ते त्या त्या संगणकावर निवडलेला लेआउट ठरवतो. डेस्कटॉपवर रेमिंग्टन आणि लॅपटॉपवर इनस्क्रिप्ट असेल, तर बटण दाबताच तीच बोटं भलतंच लिहायला लागतात. डबा बिघडलेला नसतो. दोन्ही मशीनवर एकच लेआउट ठेवा, आणि विंडोज-स्पेसने भाषा बदललीत तर ती त्याच मशीनवर बदलते हे ध्यानात असू द्या.

बिनतारी माऊसचा रिसीव्हर निळ्या, म्हणजे यूएसबी ३.० च्या भोकात लावू नका. ३.० ची वाहतूक २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट करते. इंटेलने २०१२ मध्ये यावर स्वतंत्र टिपण काढलं होतं. माऊस अडखळतो आणि लोक सेल बदलत बसतात. रिसीव्हर २.० च्या भोकात, आणि डबा लोखंडी असेल तर हातभर एक्स्टेन्शन लावून टेबलावर आणा.

पेन ड्राइव्ह आणि बाहेरची हार्ड डिस्क केव्हीएमच्या हबमध्ये लावायची नाही, हा नियम करा. बटण दाबणं म्हणजे फाइल लिहिली जात असताना ती उपटणं. सीए मंडळींचा डिजिटल सहीचा टोकन हबमध्ये चालतो, पण बदल झाला की पोर्टलवरचं सत्र तुटतं आणि पिन पुन्हा मागितला जातो. तो ज्या संगणकावर सही करायची त्याच्याच मागे असावा. हेडफोन आणि वेबकॅमचंही तेच. मीटिंग चालू असताना घरच्या मशीनवर नुसतं डोकावलात, तरी कॅमेरा आणि माइक दोन्ही तुमच्यामागे निघून येतात आणि पलीकडचे लोक ‘आवाज येत नाही’ म्हणत राहतात. ते थेट लॅपटॉपला लावा.

वीज आणि अर्थिंग

यूएसबी २.० चं एक पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतं, ३.० चं ९००. यूएसबीवर चालणारा डबा त्यातलं थोडं स्वतः खातो आणि उरलेलं कीबोर्ड, माऊस आणि जे काही खोचाल त्याला वाटतो. दिव्यांचा कीबोर्ड लावला की तूट पडते. लक्षण ठरलेलं: बदलल्यावर कीबोर्ड कधी दिसतो, कधी नाही, दिवे लागतात पण अक्षर उमटत नाही. अशा डब्याच्या बाजूला बहुधा जादा विजेचं भोक असतं. तिथे अ‍ॅडॅप्टर लावताना लेबल वाचा. पाच व्होल्टच्या भोकात राउटरचा बारा व्होल्टचा पिनवाला अ‍ॅडॅप्टर अगदी चपखल बसतो, आणि डबा तिथेच संपतो. व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर जास्त असले तर चालतात, आणि मधली पिन धन असल्याची खूण दोन्हीकडे जुळायला हवी.

आता अर्थिंग. केव्हीएमने आजवर वेगळे असलेले दोन-तीन संगणक आणि मॉनिटर एकाच धातूच्या धाग्यात ओवले जातात. एसएमपीएसच्या, म्हणजे डेस्कटॉपला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, आत फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून सांगाड्याला जोडलेले छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग नसेल तर त्यांच्यामुळे डेस्कटॉपच्या पत्र्यावर २३० च्या जवळपास निम्मे, म्हणजे ११५ व्होल्ट तरंगत राहतात. प्रवाह इतका कमी की माणसाला फक्त झिणझिण्या येतात, पण चालू संगणकात केबल खोचताना तीच ठिणगी एचडीएमआयच्या चिपमधून वाट काढते. ‘केव्हीएम लावला आणि ग्राफिक कार्डचं पोर्ट गेलं’ या तक्रारीत बऱ्याचदा डब्याचा दोष नसतो. रामबाग, नारायण बागेतल्या जुन्या घरांत तीन पिनांचं सॉकेट दिसतं, पण मागे अर्थिंगची तार असेलच असं नाही. मल्टिमीटरने बघता येतं: फेज ते अर्थ जवळपास २३०, न्यूट्रल ते अर्थ दोन-चार व्होल्ट, असं दिसलं तर ठीक. फेज ते अर्थ शंभराच्या आसपास तरंगत असेल तर अर्थ नाही. हात बसलेला नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या, आणि तीन पिनांचा प्लग दोन पिनांत बसवणारा तो छोटा अ‍ॅडॅप्टर फेकून द्या. सगळ्या मशीन, मॉनिटर आणि डबा यांचे प्लग एकाच स्पाइक गार्डवर असू द्या.

जोडणी

दोन मशीनसाठी सामान: डबा, दीड मीटरच्या तीन एचडीएमआय केबल, प्रिंटरसारख्या दोन यूएसबी केबल, लॅपटॉपला एचडीएमआय नसेल तर टाइप-सी ते एचडीएमआय कन्व्हर्टर, आणि चिकटवायला कागदी लेबल. टाइप-सी आहे म्हणजे चित्र येईलच असं नाही; त्या भोकाला डिस्प्लेपोर्ट (एचडीएमआयसारखीच चित्राची दुसरी जोडणी) अल्ट मोड असावा लागतो. भोकाशेजारी त्याची किंवा थंडरबोल्टची खूण असते. फक्त चार्जिंगचं टाइप-सी असेल तर कुठलाही साधा कन्व्हर्टर उपयोगाचा नाही. कन्व्हर्टरही ४के ६० हर्ट्झ लिहिलेलाच घ्या, नाहीतर पुन्हा ३० वर याल.

सगळं बंद करा, प्लग काढा. आधी डब्याच्या ‘आउट’मधून मॉनिटर जोडा, मग कीबोर्ड आणि माऊस. मग डेस्कटॉपच्या दोन्ही केबल एकाच क्रमांकाच्या जोडीत. एचडीएमआय १ मध्ये आणि यूएसबी २ मध्ये गेलं, की चित्र एकाचं आणि माऊस दुसऱ्याचा. ही चूक इतकी सामान्य आहे की दोन्ही टोकांना लेबल लावणं हाच उपाय. डेस्कटॉपला ग्राफिक कार्ड असेल तर केबल कार्डच्या भोकात, मदरबोर्डच्या नव्हे. मग लॅपटॉपची जोडी. आता प्लग लावा आणि याच क्रमाने चालू करा: मॉनिटर, डबा, पहिला संगणक. तो पूर्ण सुरू झाला की बटण दाबून दुसरा.

डेस्कटॉप सुरू होताना बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या मूळ सेटिंगमध्ये, जाता येत नसेल, तर तिथे फास्ट बूट बंद करा आणि लेगसी यूएसबी सपोर्ट चालू करा. तोवर एक साधा कीबोर्ड थेट मागे लावून काम भागवा. काही संगणक सुरू होताना मॉनिटर दिसला नाही तर व्हिडिओच देत नाहीत. ईडीआयडी धरून ठेवणाऱ्या डब्यात हा प्रश्न येत नाही. स्वस्तात मात्र ज्या मशीनला चालू करायचं तिच्याकडे बटण आधी वळवून ठेवा.

झोपलेला संगणक माऊस हलवून उठत नसेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या कीबोर्डच्या पॉवर मॅनेजमेंटखाली संगणक जागा करण्याची परवानगी द्या आणि पॉवर प्लॅनमध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा. झाकण मिटून लॅपटॉप वापरायचा असेल तर ‘झाकण बंद केल्यावर काही करू नका’ अशी निवड आधीच करून ठेवा. आणि डब्यात ऑटो स्विच असेल तर तो बंदच करा. नाहीतर ऑफिसचा लॅपटॉप मध्येच जागा झाला की पडदा त्याच्याकडे पळतो.

डिस्प्लेपोर्टचा केव्हीएम महाग, आणि ईडीआयडी नसेल तर तिथे खिडक्यांचा गोंधळ एचडीएमआयपेक्षाही वाईट. घ्यायचाच तर केबल चांगली घ्या. हलक्या केबलींत २० क्रमांकाची पिन दोन्ही टोकांना जोडलेली असते. नियमाने ती जोडायची नसते, कारण त्यातून मॉनिटरचे ३.३ व्होल्ट उलटे संगणकात शिरतात आणि मशीन विचित्र वागते, कधी सुरूच होत नाही.

यूएसबी शेअरिंग स्विच: दुकानदार न दाखवणारी वस्तू

याची जोडणी अशी: डेस्कटॉप मॉनिटरच्या एका इनपुटला थेट, लॅपटॉप दुसऱ्याला थेट. फक्त कीबोर्ड आणि माऊस या छोट्या डब्यातून. यूएसबीचं बटण एक, मॉनिटरचं इनपुट बदलायचं बटण दुसरं. दोन बटणं दाबायची, एवढीच गैरसोय.

बदल्यात काय मिळतं ते बघा. व्हिडिओ डब्यातून जातच नाही, म्हणजे १४४ हर्ट्झ, एचडीआर, व्हेरिएबल रिफ्रेश, सगळं जसंच्या तसं. बहुतेक मॉनिटर न निवडलेल्या इनपुटवरही आपली चिठ्ठी दाखवत राहतात, त्यामुळे खिडक्या हलत नाहीत. (सगळेच दाखवत नाहीत. मॉनिटरच्या मेनूत ऑटो इनपुट आणि गाढ झोप बंद करून पाहा.) किंमत केव्हीएमच्या निम्म्याहून कमी. बिघडायला आत फारसं काही नाही.

दुसरं बटणही वाचवता येतं. बहुतेक मॉनिटर डीडीसी-सीआय नावाच्या भाषेत संगणकाचा हुकूम ऐकतात. कंट्रोलमायमॉनिटर नावाच्या छोट्या फुकट प्रोग्रॅममध्ये ६० क्रमांकाच्या कोडची किंमत बदलली की इनपुट बदलतं. घरच्या डेस्कटॉपवर त्याचा शॉर्टकट करून ठेवा. परत यायला मात्र अनेक मॉनिटरवर बटणच दाबावं लागतं, कारण ते फक्त चालू इनपुटचं ऐकतात आणि कंपनीच्या लॅपटॉपवर असलं काही टाकायची परवानगी नसते.

याच कारणाने सॉफ्टवेअरचा पर्याय इथे फारसा कामाचा नाही. मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइजमध्ये २०२३ पासून असलेलं माऊस विदाउट बॉर्डर्स एकाच नेटवर्कवरच्या चार संगणकांपर्यंत एकच माऊस फिरवतं आणि फुकट आहे. पण ते दोन्हीकडे बसवावं लागतं आणि प्रत्येक मशीनला स्वतःचा पडदा लागतो. दोन्ही मशीन स्वतःच्या असतील तर आधी तेच करून बघा. नवा मॉनिटर घ्यायच्या विचारात असाल तर केव्हीएम पोटातच असलेले मॉनिटर मिळतात. टाइप-सीच्या एकाच तारेने चित्र, कीबोर्ड आणि चार्जिंग. त्या फरकाच्या पैशात वेगळा डबा, केबली आणि अर्धा रविवार वाचतो.

घेताना

चार पोर्टांचा डबा घेताना आपला लॅपटॉप, चार्जर आणि रोजचा कीबोर्ड बरोबर न्या. काउंटरवर दुकानातल्या एका संगणकासोबत जोडायला सांगा आणि तीन गोष्टी बघा. लॅपटॉपवर दोन खिडक्या मांडून बटण दहा वेळा दाबा. खिडक्या जागेवर राहिल्या तर एम्युलेशन खरं. डिस्प्ले सेटिंगमध्ये हर्ट्झचा आकडा वाचा. आणि तुमचा कीबोर्ड चित्रवाल्या भोकात लावून आवाजाच्या कळा दाबून पाहा. दुकानदार खोकं उघडायला कुरकुर करेल. तसं असेल तर पुढच्या दुकानात जा. मॉलमध्ये दुकानांना तोटा नाही. पक्कं बिल घ्या, त्यावर मॉडेलचा क्रमांक लिहून घ्या, आणि अ‍ॅडॅप्टरचीही वॉरंटी आहे का ते विचारा. डब्याच्या आधी बऱ्याचदा तोच जातो.